बांधावरची बाय

बांधाच्या आतल्या अंगाला, जिथे गवत संपून उघडी माती लागते, तिथे ती तळहात सपाट टेकवायची. तापकऱ्याच्या कपाळावर टेकवावा तसा. थोडा वेळ तसाच ठेवायची, मग उचलून नाकाशी न्यायची आणि पदराला पुसायची. हात कोरडा असला तर काही बोलायची नाही. ओला लागला तर म्हणायची, "पान्याला घाई नसते, बाई."

एवढंच. मी गावात नवी होते तेव्हा मला ते धीराचं वाक्य वाटलं होतं. घाई नाही म्हणजे वेळ आहे, असा मी अर्थ लावला. पुढे कळलं की ती धमकी होती, आणि पाण्याच्या वतीने ती आम्हाला पोचवत होती.

ती मला बाई म्हणायची, कारण मी शाळेतली बाई. मी तिला बाय म्हणायची, कारण सगळेच म्हणायचे. खाडीकाठच्या आगरी गावांत कुठल्याही मुलीला लाडाने बाय म्हणतात. पण आमच्या गावात नुसतं 'बाय' म्हटलं की तीच, हे पोस्टमनलाही ठाऊक होतं. तिचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. ते तिला कधी फारसं चिकटलं नव्हतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचं नाव कोणी विचारत नाही, कारण ती कुठे भेटतील हे सगळ्यांना माहीत असतं. बाय बांधावर भेटायची.

पनवेलच्या खाडीला लागून, बेलापूर आणि कामोठे यांच्या मधल्या पट्ट्यातलं ते गाव. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या गेल्या होत्या, पण शहर अजून आलं नव्हतं. आले होते ते डंपर. दिवसभर ते मुरूम आणून ओतत, आणि हॉर्न वाजवत परत जात. मी बदली होऊन आले आणि बायच्या चुलत्याच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. चुलता गावकीचा म्होरक्या. त्याला सगळे आबा म्हणत. बायचे वडील ती लहान असतानाच गेले होते. ती आणि तिची आई आबांच्याच घरात राहत. ती तेव्हा चोविसाच्या आसपास असेल. मॅट्रिकला इंग्रजीने तिला अडवलं होतं आणि लग्नाला तिनेच स्वतःला. विहिरीवरच्या बायका तिला डिवचत, "बांधाशीच लगीन लावलंस का गो?" ती घागर उचलता उचलता सांगे, "तो तरी घर सोरून जात नाय."

हा बांध म्हणजे खाडी आणि भातशेती यांच्यामधली मातीची लांबच लांब भिंत. दिवसातून दोनदा भरती बाहेरून तिच्यावर चढायची आणि पुन्हा उतरायची. आत गोडी जमीन, बाहेर खारं पाणी. दर वर्षी होळीनंतर शेतवाल्या प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर यायचा. खेकड्यांनी पोखरलेली बिळं बुजवायची, खचलेल्या जागी खाडीचा चिखल लिंपायचा. त्यात एक कडक नियम होता. बांध जमीनवाल्यांचा, ज्याची जमीन नाही त्याने बांधाला हात लावायचा नाही. मग जमिनी गेल्या. नियम मात्र राहिला. कोणाचीच जमीन नाही, म्हणून कोणीच हात लावेना. गावकीने सभा घेऊन तसं ठरवलं असंही नाही. होळी झाली, कोणी निघालं नाही, एवढंच. खेकड्यांना हे कोणी कळवलं नव्हतं. ते आपलं काम करत राहिले.

पडीक खाचरांत, बांधाच्या आत, एक झोपड्यांची वस्ती उभी राहिली होती. नव्या शहराचे रस्ते आणि इमारती बांधायला मराठवाड्यातून आलेली माणसं. बहुतेक बौद्ध घरं. गावाने त्यांना तिथे राहू दिलं होतं, पण विहिरीवर आणि देवळाच्या मांडवात त्यांनी येऊ नये हे न बोलता ठरलेलं होतं. गाव टेकाडावर, शाळाही टेकाडावर. ती खालची वस्ती. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं की डाव्या हाताला खाडीचं पाणी दिसे आणि उजव्या हाताला त्या घरांची छपरं. पाणी छपरांच्या जवळपास बरोबरीला आलेलं दिसे. मला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी दोन्हीकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. वस्तीतल्या लोकांना त्याचं काही वाटत नव्हतं. ती कोरड्या मुलखातली माणसं. माझ्या वर्गात रत्नमाला नावाची मुलगी होती, तिच्या आईला मी एकदा भीत भीत विचारलं. ती म्हणाली, "आमच्याकडं पाणी जातं बाई, येत न्हाई."

शाळेत मी मुलांचं एक सेवा पथक काढलं होतं. रविवारी आम्ही शाळेचं आवार झाडायचो, झाडलेलंच पुन्हा झाडायचो. रोपं लावायचो आणि ती शेळ्या खायच्या. बाय एका रविवारी कुंपणाशी येऊन उभी राहिली, बराच वेळ बघत होती. नंतर तिने मला सांगितलं की तुमची पोरं चांगली आहेत, पण तुम्ही त्यांना स्वच्छ जागा झाडायला लावताय. रविवारची मला द्या. मोठ्या भरतीची अमावस्या श्रावणाच्या शेवटी येते, तोवर बांध सावरायचा आहे. एकट्याने होत नाही, आणि गावातल्या पोरांनीही पुरं होत नाही. दोन्हीकडची पोरं एका रांगेत उभी राहिली तर होईल. तिला काय हवंय ते तिने इतकं सरळ मला त्या एकाच वेळी सांगितलं.

आबांना विचारल्याशिवाय चालणार नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर ते तंबाखू मळत होते, तेव्हा बायने विषय काढला. मी दारात पुस्तक घेऊन बसले होते, पान उलटत नव्हते.

"बांध जमीनवाल्यांचा," आबा म्हणाले. "त्या खालच्यांची हाय का जमीन?"

"नाय."

"मंग?"

"तुमची हाय?"

आबांचा अंगठा तळहातावर थांबला. मी पुस्तकात तोंड घातलं. "जीभ बापावर गेलीय तुजी," ते म्हणाले आणि आत निघून गेले. मला वाटलं, संपलं. बाय मात्र खुशीत होती. "नको बोलले का? नाय बोलले. झालं तर."

बांधाच्या सुरुवातीला शेंदूर लावलेला एक दगड होता. तिथे चपला काढायच्या. मी पहिल्या दिवशी काढल्या नाहीत, तर ती माझ्या पायांकडे बघत राहिली. "आईच्या पाठीवर चपला घालून चालतं का कोन?" मी काढल्या. ओहोटीला बाहेरच्या अंगाला उतरून ती फावड्याने चिखलाचा गोळा कापायची. तो गोळा हातातून हातात बांधावर चढायचा, आणि वर दुसऱ्या टोकाला थोरली पोरं तो बिळांत दाबून बसवायची. मधे सगळी पोरं हातभर अंतरावर उभी. रांग तिनेच लावली होती. गावातलं एक पोर, वस्तीतलं एक पोर, पुन्हा गावातलं एक.

काशिनाथ हा आबांच्या भावकीतला, दहावीतला, गावच्या कबड्डी संघाचा हिरो आणि गणपतीच्या मंडळाचा ढोलवाला. त्याच्या आधी रत्नमाला उभी होती. तिने गोळा पुढे केला. त्याने हात पुढे केले नाहीत. पायाजवळच्या जागेकडे हनुवटीने खूण केली. "ठेव तितं." तिने खाली ठेवला, त्याने उचलला आणि पुढे दिला. रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं आणि कोणीच पाहिलं नाही. गोळा वर पोचायच्या आत बायने रांगेतून मागवून घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि खाडीत फेकून दिला.

"खाली ठेवला व्हता. चीर परली. काशी, तुजा गोला गेला, नवा तू आन."

काशिनाथ गुडघाभर चिखलात उतरला, गोळा घेऊन आला. पुन्हा तसंच झालं. पुन्हा बायने गोळा फेकला, पुन्हा तो उतरला. पोरं हसू दाबत होती. पुढच्या वेळी तो मांड्यांपर्यंत माखून आला, रांगेत उभा राहिला आणि खाडीपलीकडे कुठेतरी बघत त्याने हात पुढे केले. चेहरा असा, की जणू हात त्याचे नव्हतेच. रत्नमालाने त्यावर गोळा ठेवला. "जड हाय. नीट धर." त्या दोघांमधलं ते पहिलं बोलणं असावं.

घरी जाताना मी बायला विचारलं, खाली ठेवला की खरंच चीर पडते का. ती पदराने कोपरं पुसत म्हणाली, "कधी परते. कधी नाय."

रविवार जात राहिले. पोरं बदलत गेली, आणि ते त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. काशिनाथला वस्तीतल्या धाकट्या पोरांची नावं पाठ झाली. रत्नमाला शाळेत वर मान करून उत्तरं देऊ लागली, आणि एकदा तिने मलाच सुधारलं. रांगेत गाणी सुरू झाली, अर्धी आगरी, अर्धी मराठवाड्याची. बाय गात नसे. ती टोकाला वाकून बिळं बघत असे. आम्ही जेवढी बुजवू तेवढीच पुढच्या रविवारी नवी दिसत.

बांधाच्या बाहेरच्या पायथ्याला दगडांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या शिंपल्यांची धार वस्तऱ्यासारखी. दर रविवारी कोणाचा ना कोणाचा पाय कापायचा. बाय त्यावर हळद-चुना दाबून बसवायची आणि पोराला परत रांगेत उभं करायची. मला ते बघवेना. मी सरकारी दवाखान्यात अर्ज दिला आणि एका शनिवारी नर्सबाई धनुर्वाताची इंजेक्शनं घेऊन शाळेत आल्या. कबड्डीच्या हिरोने सुई बघूनच डोळे फिरवले. रत्नमालाने त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि पुढचं वर्षभर त्याला ऐकवलं. बाय लहान पोरांना मांडीवर धरून बसली होती. तिची पाळी येईपर्यंत औषध संपलं. नर्सबाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात येते तेव्हा तुला देते. "मना कशाला?" बाय म्हणाली. "माजे पाय कालवांच्या वलखीचे हायत."

पुढच्या महिन्यात पाऊस होता. डंपरांनी फोडलेला रस्ता त्याने उरलासुरला खाल्ला. नर्सबाई आल्या नाहीत.

श्रावण लागला तशी खालच्या वस्तीत एकेक गोष्ट दिसू लागली. हातपंपाचं पाणी मचूळ लागायला लागलं. झोपड्यांच्या कुडांना खालून पांढरी पावडर धरली. पोरं ती बोटाने चाटून बघत आणि तोंडं वेडीवाकडी करत. एका दुपारी रत्नमालाचा धाकटा भाऊ डबड्यात काहीतरी घेऊन शाळेत नाचत आला. आत निवट्या होत्या, खाडीच्या चिखलावर उड्या मारणारे ते बटबटीत डोळ्यांचे छोटे मासे. घराच्या मागेच सापडल्या, म्हणाला. सगळा वर्ग बघायला धावला. बाय तेव्हा शाळेत आली होती. तिने डबड्यात डोकावलं, त्या माशांकडे बघितलं, मग त्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. ती हसली नाही.

त्या आठवड्यात तिने बांधाचं काम अर्ध्यावर सोडलं आणि दुसरीच तालीम सुरू केली. रत्नमालाला मुख्य केलं. बांधावरचीच रांग आता वस्तीपासून शाळेपर्यंत लावायची. आधी तान्ही मुलं, मग म्हातारी, मग उरलेली माणसं, आणि शेवटी भांडी. वस्तीतले बाप्ये वैतागले. रत्नमालाचे वडील डंपरवर होते, ते म्हणाले, रोज उठून घर रिकामं करायला आम्ही काय सर्कसवाले हाओत का. रत्नमालाने त्यांना सांगितलं, बाबा, तुम्ही फक्त आजीला खुर्चीत बसवायचं, बाकी आमी बघतो. मुलीने बापाला कामाला लावलेलं बघून आजूबाजूचे हसले, आणि हसता हसता तेही रांगेत उभे राहिले.

अमावस्येची भरती भर दुपारची. वारा सकाळपासून नैऋत्येचा, एकसारखा, थांबतच नव्हता. मी शाळा सोडून बांधावर गेले तेव्हा बाय आतल्या अंगाला वाकली होती. तिने हात टेकवला, उचलला, आणि नाकाशी नेला नाही. जिथे हात टेकवला होता तिथून बोटाएवढी धार निघत होती. गढूळ. तिने काशिनाथला शाळेची घंटा वाजवायला पाठवलं.

घंटा ऐकून गावही बाहेर आलं. गावकीचे लोक देवळात गणपतीच्या मांडवाची बांबूबांधणी करत होते, ते तसेच टेकाडाच्या कडेला येऊन उभे राहिले. पुढे आबा, हातात छत्री. खाली उतरायचं तर गावकीने हाक द्यायची असते. हाक कोणी दिली नाही. बोटाएवढी धार मनगटाएवढी झाली, मग बांधाचा एक घास आत कोसळला आणि पाणी आवाज करत आत आलं. बाय त्या खांडीत उतरली. कमरेपर्यंत पाणी होतं. मागून पोरं पेंढ्या, तिवराच्या फांद्या, गोणपाटं, चिखल, जे हातात येईल ते पुढे देत होती, आणि ती ते पायाखाली दाबत होती. पाणी थांबवायचं नव्हतंच. थांबणार नाही हे तिला माहीत होतं. वस्ती रिकामी होईपर्यंत त्याला अडवून धरायचं होतं.

मी मधे उभी होते, म्हणून मला दोन्ही रांगा दिसत होत्या. एक पाण्याकडे जात होती, दुसरी पाण्यापासून दूर. दुसरीत रत्नमालाचा आवाज होता, ती नावं घेऊन एकेकाला बाहेर काढत होती. आजी खुर्चीत बसून वरच्या वर गेल्या. एक शिलाई मशीन गेलं. एक शेळी गेली, सगळ्यांना लाथा घालत.

पाणी बायच्या छातीशी आलं तेव्हा आबांनी छत्री मिटली. शेजारच्याच्या हातात दिली. शेंदराच्या दगडाजवळ येऊन चपला काढल्या आणि रांगेत, दोन पोरांच्या मधे, शिरले. त्यांना मागून गोळा कोणी दिला ते त्यांनी वळून बघितलं नाही. मग बाकीचे उतरले. हाक शेवटपर्यंत कोणी दिली नाही.

रत्नमाला टेकाडावरून ओरडली की सगळी वर आली. बायने पोरांना मागे हटवलं, स्वतः सगळ्यांत शेवटी बाहेर निघाली. नंतर बांध गेला. मोठा आवाज झाला नाही. कोणीतरी झोपेत कूस बदलावी तसा तो लांबच्या लांब आडवा झाला, आणि खाडी आत येऊन वस्तीच्या छपरांवरून सपाट पसरली.

एकही माणूस गेला नाही. त्या संध्याकाळी शाळेत मोठ्या पातेल्यात चहा झाला. गावच्या बायकांनी भात पाठवला. काशिनाथ शेळीच्या लाथेची जागा सगळ्यांना दाखवत होता. बाय पायरीवर बसून टाच उलटी करून बघत होती. "कालव लागलं," ती म्हणाली. पोरं म्हणाली, वलखीचं होतं ना. तीही हसली आणि तिने हळद-चुना मागितला.

त्यानंतरचे दिवस फार चांगले होते. ते आठवायला मला भीती वाटते. वस्ती शाळेतच राहिली. गणपती बसले. आबांनी सांगितलं, शाळा सरकारची आहे, आपण कोण हलवणार. गावची पोरं आरती झाली की प्रसादाचं ताट घेऊन शाळेत यायची. सगळेजण रोज पाण्याची पातळी बघत होते, उतरलं का, किती उतरलं. आम्ही सगळे पाण्याकडे बघत होतो.

गौरी गेल्या त्या दिवशी बाय जेवली नाही. तोंड उघडत नाही म्हणाली, मान आखडलीय, ओझी उचलली म्हणून. मी दिवा जवळ नेला. ती माझ्याकडे बघून हसतेय असं मला वाटलं. मग लक्षात आलं की ती हसत नव्हती. तिचा चेहरा हसत होता, आणि डोळे घाबरलेले होते.

पोरांनी पनवेलहून डॉक्टर आणले. हायवेपर्यंत ते स्कूटरने आले, तिथून गुडघाभर पाण्यातून, बॅग डोक्यावर धरून. त्यांनी इंजेक्शनं दिली, पायाची जखम उघडून धुतली, आणि मला बाहेर ओट्यावर बोलावलं. धनुर्वात आहे. या रस्त्यावरून गाडीत घातलं तर धक्क्यांनीच जाईल. पाणी उतरून रस्ता होईपर्यंत इथेच ठेवा. खोली अंधारी करा. आवाज नको. भांडं पडलं, कोणी हाक मारली, तरी झटका येईल, आणि एखाद्या झटक्यात श्वास अडकेल. "औषध मी दिलंय," ते हळू म्हणाले. "आता शांतता तुम्ही द्या."

तेवढ्यात देवळाकडे ढोल वाजला. आत बायचं अंग धनुष्यासारखं वर उचललं गेलं. तिच्या आईने तिला धरलं.

पायरीवर काशिनाथ आणि रत्नमाला बसले होते. मी त्यांना डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. दोघं उठून दोन दिशांना गेली. पुढचं मी खिडकीतून पाहिलं, आणि काही नंतर ऐकलं.

काशिनाथने मंडळाचा कर्णा खांबावरून उतरवला आणि स्वतःचा ढोल गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकला. मोठी पोरं त्याला मारायला धावली, म्हणे गणपतीत ढोल बंद करतोस, अवलादीचा. तो मार खाऊन उभा राहिला आणि त्यांना हाताला धरून आमच्या खिडकीपाशी घेऊन आला. त्यांनी आत बघितलं. मग त्यांनीच झांजा गोळा केल्या. पोरांनी घराघरांत जाऊन बैलांच्या गळ्यातल्या घंटा सोडल्या. हातपंपाच्या दांड्याला तेल घातलं. रडकी मुलं आयांसकट शाळेत हलवली. रत्नमालाचे वडील आणि वस्तीतले चार बाप्ये हायवेच्या वळणावर लाल फडकी घेऊन उभे राहिले, आणि डंपर हॉर्न न वाजवता जाऊ लागले. देवळाच्या घंटेची जीभ आबांनी स्वतः चिंधीने बांधली. कोपऱ्याकोपऱ्यावर एक पोर उभं असे, पाळीपाळीने. कोणी मोठ्याने बोलत आलं की ते समोर जाई आणि ओठांवर बोट ठेवी. जात, घर, वय बघत नसे.

आमचं गाव ओरडून बोलणारं गाव. खाडीपलीकडच्या माणसाशी गप्पा मारायची सवय लागलेलं. ते गाव हातांनी बोलायला शिकलं. कुत्रीसुद्धा भाकरी खाऊन गप्प पडत. अंधाऱ्या खोलीत बसल्यावर मला वाटायचं, बाहेर गाव उरलंच नाही. आणि त्या शांततेत बायचा श्वास ऐकू यायचा, म्हणजे तो अजून चालू होता. झटके विरळ झाले. एकदा तिने दातांमधून मला विचारलं, "पोरं कुटं गेली? आवाज नाय." मी तिच्या कानाशी सांगितलं, सगळी बाहेरच आहेत. तिने डोळे मिटले. मला वाटलं, तिला समजलं.

अनंत चतुर्दशीला दुपारी मंडळाचा गणपती निघाला. विसर्जनाची वाट आमच्याच दारावरून. ढोल नव्हते, लेझीम नव्हतं, गुलालसुद्धा हळू उधळत होते. शेकडो पावलं चिखलातून चालल्याचा तेवढा मऊ आवाज लांबून येत होता.

मी आणि तिची आई आत होतो. श्वासाचा आवाज थांबला होता, ते आईच्या आधी लक्षात आलं. तिने बायच्या छातीवर हात ठेवला, तसाच ठेवून राहिली, आणि मग पदराचा बोळा करून स्वतःच्या तोंडात कोंबला. एवढ्या दिवसांची सवय. तिचे खांदे हलत होते, आवाज येत नव्हता.

बाहेर सांगायला हवं होतं. मी उठले, दार उघडलं. मिरवणूक अगदी समोर आली होती. पुढे आबा अनवाणी, हात जोडलेले. मागे पोरं तोंडं उघडून मोरया म्हणत होती, नुसती तोंडं, आवाज नाही. काशिनाथ मूर्तीच्या पाटाला खांदा देऊन होता, मानेच्या शिरा ताणलेल्या. रत्नमाला आमच्या ओट्याच्या कोपऱ्यावर होती, तिच्या पाळीवर.

माझ्या हातून दाराची कडी वाजली. रत्नमालाने झटकन वळून माझ्याकडे रागाने बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी कडी मुठीत घट्ट धरली, आणि गणपती वळणापलीकडे जाईपर्यंत तशीच उभी राहिले.